पॅनलवर सही करण्याआधी: इंग्लंडच्या दंतवैद्यांच्या नाराजीतून गोव्याने काय घ्यावं

तरुण दंतवैद्य म्हणून तुमचे प्रश्न तीन. इंग्लंडमध्ये स्विंडनला स्थायिक झालेल्या तुमच्या मावसभावाला एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दंतवैद्य का मिळत नाही? तिथलं सरकार दंतवैद्यांबरोबरचा करार सुधारतंय, तरी तिथले दंतवैद्य समाधानी का नाहीत? आणि उद्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेत दातांचे ओपीडीतले उपचार आले, साखळी-डिचोलीतल्या खासगी दवाखान्यांना पॅनलवर, म्हणजे योजनेतून उपचार करणाऱ्यांच्या यादीत, घ्यायचं ठरलं, तर सही करावी का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. सही करावी. पण नुसतं दरपत्रक बघून नको, पैसे कोणत्या मापाने मोजले जाणार आहेत ते बघून. फोंड्यात इतकी वर्षं दवाखाना चालवताना आणि एक-दोन पॅनलवर काम करताना माझं हेच मत पक्कं होत गेलं आहे, आणि इंग्लंडमध्ये २००६ पासून जे घडलं त्याने त्याला भक्कम आधार मिळतो. म्हणून तिथलं थोडं सविस्तर सांगतो.

एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते. गर्दी इतकी झाली की १९५१ मध्येच कवळीवर शुल्क लावायचं ठरलं. ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी दात आणि चष्म्यावरच्या या शुल्काच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडलं. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ तिथल्या दंतवैद्याला बहुतेक पैसे कामागणिक मिळत होते. एवढी फिलिंग्ज, एवढे पैसे. दरपत्रकात चारशेच्या वर बाबी होत्या. या पद्धतीचा दोष उघड आहे. जितकं जास्त कोरावं तितकी कमाई जास्त. विनाकारण केलेल्या उपचारांची चौकशी करायला नेमलेल्या शान्शिफ समितीने १९८६ मध्ये असे प्रकार होतात हे नोंदवलंही. त्यामुळे २००६ मध्ये करार बदलला त्यामागचा हेतू वाईट नव्हता, हे आधी मान्य करायला हवं. प्रतिबंधाला वेळ मिळावा आणि दंतवैद्याने सतत फिलिंग्जच्या मागे धावू नये, असं सांगूनच तो आणला गेला.

एप्रिल २००६ पासून त्या चारशे बाबी तीन पट्ट्यांत बसवल्या. तपासणी, एक्स-रे, सफाई, सल्ला हा पहिला पट्टा, त्याला एक युनिट. फिलिंग, रूट कॅनल, दात काढणं हा दुसरा, त्याला तीन युनिटं. कॅप, ब्रिज, कवळी अशी लॅबची कामं तिसऱ्यात, त्यांना बारा. तातडीच्या उपचाराला १.२ युनिट. याला तिथे युडीए म्हणतात, म्हणजे युनिट ऑफ डेंटल ॲक्टिव्हिटी. दवाखान्याने वर्षाला किती युनिटं करायची याचा आकडा करारात ठरलेला आणि त्याचे पैसे दरमहा सारख्या हप्त्यांत.

आता हेच माप आपल्या ओपीडीला लावून बघा. सकाळी फोंड्यातला एक बँक कर्मचारी येतो, एका दाढेत छोटी कीड, वीस मिनिटांत फिलिंग होतं. तीन युनिटं. त्याच्यामागून सत्तरी तालुक्यातली एक बाई येते. वर्षानुवर्षं मशेरी लावलेली, सहा दात किडलेले, दोन काढायचे, एका दाढेची रूट कॅनल करून ती वाचू शकते. चार-पाच खेपांचं काम, दाताची नस साफ करायच्या बारीक सुया (फाइल्स) आणि भुलीचा खर्च वेगळा. तिचीही तीनच युनिटं, कारण सगळं मिळून तो एकच 'उपचारक्रम'. ज्या तोंडाला आपली सर्वात जास्त गरज आहे, तेच तोंड दवाखान्याला तोट्यात घालतं. दंतवैद्य कितीही सज्जन असला तरी खुर्चीचा, नर्सचा, वीजबिलाचा खर्च त्याला भागवावाच लागतो. तो दाढ वाचवण्याऐवजी काढून मोकळा होऊ लागला, तर त्याच्या नीतीबद्दल बोलण्याआधी कराराचं माप तपासायला हवं.

परिणाम लगेच दिसले. २००८ मध्ये तिथल्या संसदेच्या आरोग्य समितीने नोंदवलं की लॅबची गुंतागुंतीची कामं पहिल्याच वर्षात जवळपास निम्म्यावर आली, रूट कॅनलही त्याच प्रमाणात घटली आणि दात काढण्याचं प्रमाण वाढलं. लोकांचे दात काही एका वर्षात बदलले नव्हते. बदललं होतं ते मोजमाप.

त्यात आणखी दोन गाठी होत्या. पहिली, युनिटचा भाव सगळीकडे सारखा नव्हता. ऑक्टोबर २००४ ते सप्टेंबर २००५ या काळात त्या दवाखान्याने किती काम केलं, किती कमावलं, यावरून त्याचा भाव ठरला. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांना त्याच कामाचे वेगवेगळे पैसे, आणि तेही वर्षानुवर्षं. दुसरी गाठ वसुलीची. ठरलेल्या युनिटांच्या ९६ टक्क्यांखाली काम राहिलं की आधी दिलेले पैसे परत घेतले जातात. नोकरीवरचा दंतवैद्य सोडून गेला आणि नवा मिळाला नाही की आकडा चुकतो, वसुली येते, वसुलीमुळे पुढचा माणूस नेमायला पैसे उरत नाहीत आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी चुकतो. गरीब आणि दूरच्या भागांतले दवाखाने या फेऱ्यात आधी सापडले, कारण तिथे जायला तरुण दंतवैद्य आधीच कमी.

पैशांचं आणखी एक गणित बघण्यासारखं आहे. २०२४-२५ मध्ये इंग्लंडमध्ये पैसे भरणाऱ्या रुग्णाचं शुल्क पहिल्या पट्ट्यासाठी २६.८० पौंड, दुसऱ्यासाठी ७३.५० आणि तिसऱ्यासाठी ३१९.१० होतं. युनिटचा किमान भाव त्याच वर्षी २८ पौंड केला होता. म्हणजे किमान भावावर चालणाऱ्या दवाखान्याला तपासणीचे मिळणार २८, त्यातले २६.८० रुग्णानेच दिलेले. फिलिंगचे ८४, त्यातले ७३.५० रुग्णाचे. सरकारी वाटा जेमतेम. मुलं, गरोदर स्त्रिया, ठरावीक मदत मिळणारे कमी उत्पन्नाचे लोक यांचे पैसे सरकार पूर्ण भरतं, हे खरं. पण 'सरकारी उपचार' म्हणून रांगेत उभा राहणारा नोकरदार माणूस बहुतांश खर्च स्वतःच्याच खिशातून करतो आणि तरी त्याला जागा मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलमध्ये एक दवाखाना एनएचएसचे नवे रुग्ण घेणार म्हणताच शेकडो लोक रस्त्यावर रांगेत उभे राहिले, ते चित्र जगाने पाहिलं. याहून जास्त मला बोचते ती मुलांची गोष्ट. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सर्वात मोठं कारण दातांची कीड हे आहे. जी कीड ब्रश आणि फ्लोराइडने थांबली असती, तिच्यासाठी लहान मूल पूर्ण भूल देऊन टेबलावर घ्यावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सुधारणांचा. २००९ मध्ये जिमी स्टील या दंतवैद्य प्राध्यापकाने सरकारच्या सांगण्यावरून केलेल्या आढाव्यात दिशा अगदी नीट दाखवली होती: आधी वेदना थांबवा, मग रोग आटोक्यात आणा, मग महागडी कामं, आणि पैसेही त्या क्रमाने द्या. २०११ पासून त्यावर प्रयोग झाले, २०१६ पासून नमुना करार चालले आणि मार्च २०२२ मध्ये ते सगळे गुंडाळले. ते प्रयोग पुढे नेले गेले नाहीत, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोठं नुकसान वाटतं.

त्याऐवजी आल्या त्या किरकोळ दुरुस्त्या. २०२२ च्या अखेरीस दुसऱ्या पट्ट्याचे तीन तुकडे झाले. तीन किंवा जास्त दातांचं काम असेल तर पाच युनिटं, दाढेची रूट कॅनल असेल तर सात. दिशा बरोबर होती. पण मागच्या दाढेची रूट कॅनल नीट करायला तास-दीड तास लागतो आणि त्या वेळात तपासण्या केल्या तर सात युनिटं सहज होतात, त्यामुळे तराजू फारसा हलला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी योजना आली. दोन वर्षांत ज्याला कोणी पाहिलं नाही असा नवा रुग्ण घेतला तर उपचाराप्रमाणे १५ किंवा ५० पौंड जादा, दंतवैद्य मिळत नाहीत अशा भागात जाणाऱ्याला २० हजार पौंड, आणि फिरते दवाखाने. नव्या रुग्णांचा हा भत्ता मार्च २०२५ मध्ये बंद झाला, फिरते दवाखाने रस्त्यावर आलेच नाहीत. संसदेच्या लोकलेखा समितीने एप्रिल २०२५ मध्ये ही योजना साफ फसल्याचं म्हटलं. भत्त्यावर किमान ८.८ कोटी पौंड खर्चून नवे रुग्ण वाढण्याऐवजी कमीच झाले होते. कारण तेच. मूळ मापात तोटा असलेल्या रुग्णावर १५ पौंड ठेवले म्हणून तो नफ्याचा होत नाही.

जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावांकडे मात्र मी आस्थेने बघतो. प्रत्येक करारातला ठरावीक हिस्सा तातडीच्या रुग्णांसाठी राखायचा आणि त्याला बरा मोबदला द्यायचा. अनेक दात किडलेल्या किंवा हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या माणसासाठी अनेक भेटींचा एक पूर्ण उपचारमार्ग आणि त्याला वेगळा, मोठा दर. प्रशिक्षित नर्सने मुलांना फ्लोराइड व्हार्निश लावणं. यातला दुसरा मुद्दा म्हणजे त्या सत्तरीतल्या बाईची गोष्ट कराराच्या भाषेत पहिल्यांदा आली, असं समजा. तिथल्या दंतवैद्यांचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. एकूण निधी तोच राहिला तर एकीकडे दिलेलं दुसरीकडून काढलं जाणार, आणि युनिटांचा पाया तसाच ठेवून वरून किती ठिगळं लावणार? मूळ करारच याच संसदेच्या मुदतीत बदलू, असं सरकार म्हणतंय. नवीन पदवीधरांना किमान तीन वर्षं एनएचएसमध्ये काम सक्तीचं करण्याचाही विचार आहे, आपल्याकडच्या बॉन्डसारखा. मला ते पटत नाही. ज्या करारात काम करून लोक थकून बाहेर पडतात त्यात नव्या मुलांना बांधून ठेवलं तर तीन वर्षांनी तेही बाहेर पडतील.

हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडने युनिटं कधी आणलीच नाहीत. तिथे कामागणिक दर आहेत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये चारशेहून जास्त बाबींची यादी ४५ वर आणून दर सुधारले. शिवाय तिथे पाळणाघरांत आणि बालवाड्यांत शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांकडून रोज ब्रश करून घेण्याचा 'चाइल्डस्माइल' कार्यक्रम बऱ्याच वर्षांपासून चालतो आणि मुलांचे दात त्याने खरोखर सुधारले. इंग्लंडनेही २०२५ मध्ये गरीब वस्त्यांतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तसंच सुरू केलं. यातला फार थोडा खर्च दंतवैद्यावर होतो. आपल्या अंगणवाड्यांत हे उद्या सुरू करता येईल, त्यासाठी कसल्याही पॅनलची वाट बघायला नको.

आता गोवा. आपल्याकडे पाया चांगला आहे. बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत दातांचे विभाग आहेत, अनेक आरोग्य केंद्रांत दंतवैद्य आहेत. पण वाळपईच्या पलीकडच्या गावातल्या माणसाला बांबोळी गाठायला पणजीला बस बदलावी लागते, एक दिवसाची मजुरी बुडते, आणि रूट कॅनलला तीन खेपा असतील तर तीन दिवसांची. म्हणून तो येऊन सांगतो, "दोतोर, दाढ काडून उडय." वाचवता येणारी दाढ मी अशी किती वेळा काढली याचं दुःख मला आजही होतं. २००५ मध्ये कायद्याने गुटखा बंद झाला तरी तंबाखू आणि मशेरी गेलेली नाही, आणि कर्करोगाची पूर्वसूचना असू शकणारे तोंडातले पांढरे चट्टे उशिरा दिसतात, कारण दुखल्याशिवाय कोणी तोंड दाखवायला येत नाही.

दीनदयाळ योजना २०१६ ची. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण. ती मुळात रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. केंद्राची आयुष्मान भारतही तशीच. आपला दातांचा धंदा जवळजवळ सगळा ओपीडीतला. म्हणून दातांना या योजनांच्या साच्यात जसंच्या तसं घातलं तर गोंधळ होईल, आणि सही करण्याआधी आपण काही गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात.

पहिली आणि सर्वात महत्त्वाची, पॅकेज कशाचं? 'फिलिंग, दात किती का असेनात' असं पॅकेज असेल तर ते २००६ चं इंग्लंड. उलट प्रत्येक फिलिंगला वेगळे पैसे आणि देखरेख शून्य, तर ते १९८६ चं इंग्लंड, आणि गोव्यातही असे दवाखाने निघतील जे न किडलेल्या खाचा भरून बिलं लावतील. मला मधला रस्ता दिसतो तो असा: किडीची तीव्रता तपासणीच्या वेळीच नोंदवायची, कमी, मध्यम, जास्त अशी, आणि 'जास्त' गटातल्या माणसाच्या संपूर्ण उपचाराला वेगळा दर, अनेक भेटी गृहीत धरून. पुढची दाढ आणि मागची दाढ यांच्या रूट कॅनलचे दर वेगळे. नोंदीला एक्स-रे आणि फोटो जोडायचे, ते आता मोबाइलवर होतं. दर दहा-वीस केसेसमागे एखादी बांबोळीच्या वरिष्ठांनी तपासायची. तपासणारा दंतवैद्यच हवा, विम्याच्या कचेरीतला कारकून नको.

दुसरी, लॅबचं बिल. कॅप आणि कवळीच्या पॅकेजमध्ये लॅबचा खर्च आत असेल तर स्वस्तातली स्वस्त लॅब शोधली जाईल आणि कवळी कपाटात पडून राहील. लॅबचे पैसे वेगळे, पावतीसह, वरच्या मर्यादेपर्यंत. यावर मी अडून बसेन.

तिसरी, दर कधी बदलणार हे करारातच लिहिलेलं असणं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत २०१४ नंतरचा व्यापक फेरबदल झाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात कॉम्पोझिट (दात भरायचं साहित्य), ग्लोव्ह्ज, पगार, भाडं सगळं कुठल्या कुठे गेलं. दर गोठले की चांगले दवाखाने हळूच बाजूला होतात आणि कार्ड असलेल्या रुग्णाला 'आज जागा नाही' ऐकावं लागतं. दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ, एवढं एक वाक्य पुरे.

चौथी, पैसे कधी मिळणार. ज्या एका पॅनलवर मी होतो तिथे बिलं महिनोन्महिने अडकायची, मग एखादा कागद कमी म्हणून परत यायची. छोट्या दवाखान्याला ते झेपत नाही. ठरावीक दिवसांत पैसे नाही आले तर व्याज, हे कलम मागा. आणि दुखणाऱ्या दाताला पूर्वपरवानगी असता कामा नये. सुजलेल्या जबड्याचा माणूस पोर्टलवर मंजुरीची वाट बघत बसू शकत नाही. परवानगी ठेवायची तर कॅप, ब्रिज, कवळी अशा सवडीच्या कामांना ठेवा.

वार्षिक लक्ष्य आणि वसुली यांचं कलम दिसलं तर मात्र तिथेच थांबा. चवथीच्या आठवड्यात, शिमग्यात, जत्रेच्या दिवसांत आपल्या खुर्च्या रिकाम्या असतात, पावसाळ्यात गावातून लोक येत नाहीत, सहायिका लग्न होऊन जाते आणि नवी शिकवायला सहा महिने लागतात. आकड्याच्या मागे लागलेला दवाखाना तंबाखू सोडायला समजावण्यात पंधरा मिनिटं घालवणार नाही. त्या पंधरा मिनिटांचे पैसे पॅकेजमध्ये वेगळे असावेत, तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचेही. शासनाला हे स्वस्तच पडेल, कारण उशिरा सापडलेल्या कर्करोगाचा खर्च त्याच योजनेतून जाणार आहे.

हे एकट्याने मागून मिळणार नाही. सत्तरी, डिचोली, पेडण्यातले तुम्ही सगळे तरुण एकत्र बसा, वर्षभराच्या तुमच्या रुग्णांची नावाशिवाय नोंद ठेवा: किती जणांना तीनपेक्षा जास्त दातांचं काम होतं, किती वेळ लागला, किती जण पैशामुळे उपचार अर्धवट टाकून गेले. इंग्लंडमध्ये भाव ठरवताना जुन्या एका वर्षाचे आकडे घेतले आणि ते वीस वर्षं मानगुटीवर बसले. आपल्याकडे भाव ठरायची वेळ आली तर टेबलावर आपले खरे आकडे असायला हवेत.

राहिला तुमचा मावसभाऊ. त्याला सांगा की इंग्लंडमध्ये २००६ पासून दंतवैद्याकडे कायमची 'नोंदणी' अशी गोष्टच नाही. त्यामुळे जवळचा दवाखाना नाही म्हणाला तर दुसऱ्या गावातल्या दवाखान्यातही विचारता येतं. दाढ ठणकत असेल, सूज किंवा ताप असेल तर १११ वर फोन करून तातडीची वेळ मागायची, दवाखाने शोधत बसायचं नाही. तोंड उघडता येत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय. मुलांचे उपचार मोफत आहेत. बायको गरोदर असेल तर तिचेही, आणि बाळंतपणानंतर बारा महिन्यांपर्यंत. ते प्रमाणपत्र सुईणीकडून किंवा डॉक्टरकडून आताच घेऊन ठेवावं. आणि डिसेंबरात गोव्याला आल्यावर दातांचं सगळं काम एकदम उरकायचा बेत असेल तर निघण्याआधी तिथला एक्स-रे पाठवायला सांगा. दोन-तीन आठवड्यांच्या सुटीत रूट कॅनल आणि कॅप बसते, पण हिरड्यांचा आजार असेल तर त्याची सुरुवात तिथेच व्हायला हवी.